सेलममध्ये नाकारणारे फासावर गेले आणि कबूल करणारे वाचले, असं का झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १६९२ साली अमेरिकेतल्या सेलममध्ये चेटकाच्या आरोपाखाली १९ जणांना फाशी झाली. न्यायाधीश शिकलेले होते, ज्युरी होती, सगळं वॉरंट काढून चाललं होतं, तरी हे झालं कसं? धान्यावरच्या बुरशीमुळे मुलींना भास होत होते, हे खरं का? आणि गुन्हा कबूल करणारे वाचले, नाकारणारे मेले, असं म्हणतात ते बरोबर आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्या पोटात आहेत. होय, ते बरोबर आहे. कबुली देऊन तिच्यावर ठाम राहिलेला एकही आरोपी सेलममध्ये फासावर गेला नाही. जे गेले ते सगळे शेवटपर्यंत ‘मी निर्दोष आहे’ म्हणणारे होते, किंवा आधी कबूल करून नंतर कबुली मागे घेणारे.

मी सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो, बहुतेक आरोपींच्या बाजूने. सातपुड्याकडच्या डाकीण ठरवण्याच्या प्रकरणांत छळ झालेल्या बायकांच्या बाजूनेही उभा राहिलो आहे. त्यामुळे सेलमची कागदपत्रं मी एका फौजदारी खटल्याची फाईल वाचावी तशी वाचतो. मुलींना काय झालं होतं, यावर खूप लिहिलं जातं. माझ्या दृष्टीने त्याहून मोठा प्रश्न आहे तो न्यायालयाने पुरावा म्हणून काय दाखल करून घेतलं, हा. अंगात आल्यासारखी मुलं, शेजाऱ्यांची भांडणं, सैतानाची भीती हे सगळं न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या इंग्रज वसाहतींत, आधीही होतं. हार्टफर्डला १६४७ मध्ये अ‍ॅल्स यंगला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १६४८ साली मार्गारेट जोन्सला चेटकीण म्हणून फाशी झाली होती. पण १६९२ पूर्वी अशा खटल्यांतले बहुतेक आरोपी सुटत असत. त्या एका वर्षात काय बदललं ते पाहायला हवं.

बुरशीचं आधी संपवून टाकतो. राय नावाच्या धान्यावर अर्गट ही बुरशी येते, तिच्या विषाने झटके आणि भास होतात, म्हणून सेलमच्या मुलींना तीच बाधा झाली असावी, असा तर्क १९७६ मध्ये मांडला गेला. त्याच वर्षी त्याला सविस्तर उत्तरही दिलं गेलं. एकाच पिठाची भाकरी घरातली सगळी माणसं खात होती, मग बाधा ठरावीक मुलींनाच कशी? दोन झटक्यांच्या मध्ये त्या ठणठणीत असत. आणि झटके येत ते आरोपी समोर उभा केला की, त्याने मान वळवली की, हात आवळला की. विषबाधा समोर कोण उभं आहे हे बघून येत नाही. शिवाय बुरशी होती असं क्षणभर मानलं, तरी तिने फार तर मुलींचे झटके समजतील. फाशीचा हुकूम समजत नाही.

आता जागा आणि वेळ. सेलम शहर आणि सेलम गाव ही दोन वेगळी ठिकाणं. शहर बंदराचं, व्यापाराचं. गाव शेतकऱ्यांचं, आज त्याला डॅनव्हर्स म्हणतात. गावचा धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस १६८९ मध्ये नेमला गेला होता आणि त्याच्या पगारावरून, सरपणावरून गावात दोन तट पडले होते. ऑक्टोबर १६९१ मध्ये विरोधी तटाच्या हातात गावसमिती आली आणि तिने पॅरिसच्या पगारासाठी कर गोळा करायचंच नाकारलं. उत्तरेला मेन या प्रांताच्या सरहद्दीवर फ्रेंच आणि वाबानाकी या मूळनिवासी लोकांशी युद्ध चालू होतं. जानेवारी १६९२ मध्ये यॉर्क हे गाव जाळलं गेलं, कितीतरी माणसं मारली गेली, कितीतरी पकडून नेली गेली. त्या सरहद्दीवरून पळून आलेली पोरकी माणसं सेलमच्या घरांमध्ये मोलकरणी म्हणून राहत होती. आरोप करणाऱ्यांतली मर्सी लुईस त्यांपैकीच एक.

आणि वसाहतीला त्या वेळी कायदेशीर सरकारच नव्हतं. जुनी सनद १६८४ मध्ये रद्द झालेली, राजाने नेमलेला गव्हर्नर १६८९ मध्ये लोकांनी उलथवलेला, नवी सनद घेऊन येणारा नवा गव्हर्नर विल्यम फिप्स अजून समुद्रावर. मार्च ते मे या काळात अटक करता येत होती, चौकशी करता येत होती, पण खटला चालवायचा अधिकार कुणाला नव्हता. तुरुंग भरत गेले. फिप्स १४ मे रोजी बोस्टनला उतरला तेव्हा डझनावारी माणसं बेड्यांत होती आणि बाहेर लोक निकाल मागत होते. त्याने २७ मे रोजी एक खास न्यायालय नेमलं. विल्यम स्टॉटन हा त्याचा प्रमुख. तो हार्वर्डला आणि ऑक्सफर्डला शिकलेला होता, पण शिकला होता ईश्वरविद्या. त्या न्यायासनावर बसलेल्यांत कायद्याचं रीतसर शिक्षण घेतलेला एकही नव्हता. तुमच्या ‘शिकलेले न्यायाधीश’ या शब्दांत ही एवढी दुरुस्ती करा. आरोपीला वकील मिळायचा प्रश्नच नव्हता. इंग्लिश कायद्यात त्या काळी अशा गुन्ह्यांत बचावाचा वकील उभा राहू शकत नसे.

आता मूळ प्रकरण. जानेवारी १६९२ मध्ये पॅरिसची ९ वर्षांची मुलगी बेटी आणि त्याच घरात राहणारी ११ वर्षांची अ‍ॅबिगेल विल्यम्स यांना झटके येऊ लागले. डॉक्टरने हे बाहेरचं आहे असं सांगितलं. मेरी सिबली नावाच्या शेजारणीने रायच्या पिठात मुलींची लघवी कालवून भाकरी भाजायला लावली आणि ती कुत्र्याला घातली, करणी कुणी केली ते कळावं म्हणून. आपल्याकडच्या माणसाला यात परकं वाटण्यासारखं काही नाही. मग नावं आली आणि २९ फेब्रुवारीला तीन वॉरंट निघाली: पॅरिसच्या घरातली गुलाम बाई टिट्युबा, दारोदार मागून खाणारी सारा गुड, आणि आजारी सारा ऑस्बोर्न, जिचा वारशावरून वाद चालू होता. तिघींच्या पाठीशी उभं राहणारं कुणी नव्हतं. ही निवड मी आमच्या भागातही पाहिली आहे. विधवा, निपुत्रिक, जमिनीच्या वाटणीत आड येणारी, एकटी राहणारी बाई. बोट पहिल्यांदा तिच्याकडेच वळतं.

एक तपशील बहुतेक लेखांतून सुटतो. मुली अल्पवयीन होत्या, त्यांना तक्रार नोंदवता येत नव्हती. तक्रारींवर सह्या आहेत त्या मोठ्या पुरुषांच्या, आणि त्यांत टॉमस पटनम हे नाव पुन्हा पुन्हा येतं. त्याची १२ वर्षांची मुलगी अ‍ॅन ही आरोप करणाऱ्यांत पुढे होती. कितीतरी जबान्या त्याच्याच हस्ताक्षरात आहेत, आणि ‘अमुक बाई चेटकीण आहे असं मी मनापासून मानते’ अशा अर्थाचं एकच वाक्य त्यांच्या शेवटी येत राहतं. वेगवेगळ्या साक्षीदारांच्या जबान्या एकाच साच्यात आल्या की उलटतपासणी तिथूनच सुरू करायची असते. सेलममध्ये ती करणारं कुणी नव्हतं.

पहिली चौकशी १ मार्चला झाली. दंडाधिकारी जॉन हॅथॉर्नचे सारा गुडला विचारलेले प्रश्न नोंदलेले आहेत. तुझा कुठल्या दुष्ट आत्म्याशी संबंध आहे? या मुलांना तू का छळतेस? ती म्हणते, मी छळत नाही. पुढचा प्रश्न: मग छळायला कुणाला लावतेस? गुन्हा झाला आणि तो हिनेच केला, हे दोन्ही प्रश्नातच गृहीत धरलेलं आहे. ब्रिजेट बिशपच्या चौकशीत तर याहून वाईट आहे. ती म्हणाली, मी निर्दोष आहे, चेटकीण म्हणजे काय तेही मला ठाऊक नाही. त्यावर तिला विचारलं गेलं, मग तू चेटकीण नाहीस हे तुला कसं ठाऊक? या प्रश्नाला कुठलंही उत्तर दिलं तरी माणूस अडकतो. तो विचारणाऱ्याला सत्य हवं असेल, असं मला वाटत नाही.

टिट्युबाने आधी नाकारलं, मग कबूल केलं. तिने सांगितलं की काळ्या कपड्यांतला एक माणूस आला, त्याने वही पुढे केली, तिने त्यात खूण केली, आणि वहीत एकूण नऊ खुणा होत्या. ही नऊची गोष्ट घातक ठरली. तिघी पकडल्या गेल्या होत्या. म्हणजे आणखी सहा जण मोकळे आहेत, असा हिशेब लोकांनी मांडला. जाता जाता एवढंच सांगतो: टिट्युबा आफ्रिकन होती आणि तिने मुलींना जादू शिकवली, असं जे सांगितलं जातं त्याला न्यायालयाच्या कागदांत आधार नाही. कागद तिला ‘इंडियन’, म्हणजे मूळनिवासी म्हणतात, आणि भाकरीची क्लृप्ती इंग्रज शेजारणीची होती. टिट्युबा मेली नाही. तिच्यावर खटला चालून निकाल लागला नाही, ती तुरुंगात राहिली आणि वर्षभरानंतर कुणीतरी तुरुंगाची थकबाकी भरून तिला घेऊन गेलं. तिच्यासोबत पकडलेली ऑस्बोर्न १० मे रोजी तुरुंगात वारली. गुड जुलैमध्ये फासावर गेली. तिची चार-पाच वर्षांची मुलगीही पकडली गेली होती. साखळदंडात महिनोन्‌महिने काढून ती बाहेर आली तेव्हा तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. पुढे १७१० मध्ये बापाने भरपाई मागताना ते लिहून दिलं आहे. गुडचं तान्हं बाळ तुरुंगातच गेलं.

या पहिल्या तिघींचं काय झालं, हे सगळा गाव बघत होता. कबूल करणारी जिवंत आहे, नाकारणारी मेली. यातून जो धडा घ्यायचा तो पुढच्यांनी घेतला.

आपल्याकडे ‘माफीचा साक्षीदार’ असतो. सहआरोपींपैकी एकाला माफी द्यायची आणि त्याची साक्ष बाकीच्यांविरुद्ध वापरायची. पण त्याच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा मागायचा, हा दंडक न्यायालयांनी घालून दिला आहे, कारण जीव वाचवायला माणूस कुणाचंही नाव घेईल, हे उघड आहे. सेलममध्ये कबुली देणारे सगळे माफीचे साक्षीदार झाले, आणि दुजोरा म्हणून घेतला गेला तो दुसऱ्या कबुलीदाराचा. प्रत्येक कबुलीत नवी नावं, प्रत्येक नावामागे नवं वॉरंट, आणि पकडलेल्यांपुढे पुन्हा तेच दोन रस्ते. शेजारच्या अँडोव्हरमध्ये तर सप्टेंबरात लोकांना एकत्र बोलावून, डोळ्यांवर पट्टी बांधून, झटके येणाऱ्या मुलींच्या अंगावर त्यांचे हात ठेवले गेले. हात लागताच मुलगी शांत झाली की हात ठेवणारा चेटक्या. त्यांतल्या बायकांनी नंतर सांगितलं की आमच्या घरच्यांनीच विनवण्या केल्या, कबूल कर म्हणजे जीव तरी वाचेल. एकूण दीडशेहून अधिक माणसं पकडली गेली आणि त्यांतल्या पन्नासेक जणांनी कबुली दिली.

ही कबुली कशी मिळत होती, ते मार्गारेट जेकब्स या तरुण मुलीने लिहून ठेवलं आहे. तिने आधी कबुली दिली आणि त्यात आजोबा जॉर्ज जेकब्स आणि धर्मोपदेशक जॉर्ज बरोज यांची नावं घेतली. मग तिला ते सहन होईना. तिने कबुली मागे घेतली आणि लिहिलं की मला सांगण्यात आलं होतं, कबूल केलं नाहीस तर अंधारकोठडीत टाकू आणि फाशी देऊ, कबूल केलंस तर जीव वाचेल. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम २४ (नव्या साक्ष्य अधिनियमात कलम २२) नेमकं यासाठी आहे: धमकी, आमिष किंवा वचन देऊन मिळवलेली कबुली अप्रस्तुत. या एका कलमाने सेलमचे निम्मे खटले दाराशीच पडले असते. मार्गारेटने कबुली मागे घेतली तरी आजोबा आणि बरोज १९ ऑगस्टला फासावर गेलेच. ती स्वतः वाचली, कारण आजारामुळे तिचा खटला पुढे ढकलला गेला. सॅम्युएल वॉर्डवेलला ते नशीब मिळालं नाही. त्यानेही कबुली मागे घेतली होती. त्याला २२ सप्टेंबरला फाशी झाली.

आता जे नाकारत होते त्यांच्याविरुद्ध पुरावा कुठला? इथे सगळ्यात मोठी चूक आहे. मुली सांगत की अमुक बाईचं रूप रात्री माझ्या छातीवर बसलं, तिने मला चिमटे काढले, वहीत सही कर म्हणाली. बाई त्या वेळी घरी झोपलेली होती, असं चार जणांनी सांगितलं तरी उपयोग नव्हता, कारण आरोप देहावर नव्हता, रूपावर होता. आम्ही वकील ‘आरोपी घटनास्थळी नव्हता’ हा बचाव घेतो. हा पुरावा मान्य केला की तो बचावच संपतो. शिवाय ते रूप फक्त साक्षीदाराला दिसत असे. भर न्यायालयात मुलगी ओरडायची, ती बघा तुळईवर बसली आहे, आणि ज्युरी रिकाम्या तुळईकडे बघायची.

यावर त्या काळच्या धर्मशास्त्रातही उघड शंका होती: सैतान निर्दोष माणसाचं रूप घेऊ शकत नाही कशावरून? बोस्टनच्या धर्मोपदेशकांनी १५ जूनला न्यायालयाला लेखी सल्ला दिला. त्यात या पुराव्याबद्दल सावधगिरीचा इशारा होता, आणि शेवटी खटले जलद आणि जोमाने चालवावेत अशी शिफारसही होती. स्टॉटनने शेवटचं तेवढं घेतलं. त्याचं मत होतं की देव निर्दोष माणसाचं रूप सैतानाला वापरूच देणार नाही. नथॅनियल सॉल्टनस्टॉल या न्यायाधीशाने पहिल्या फाशीच्या सुमारास न्यायासन सोडलं. बाकीचे बसून राहिले.

पुरावा खोटा असल्याचं समोर दिसलं तरी काय झालं, याची दोन उदाहरणं मला कधी विसरता येत नाहीत. सारा गुडच्या खटल्यात एका मुलीने ओरडून सांगितलं की हिच्या रूपाने मला सुरी मारली, आणि पात्याचा तुकडा दाखवला. एक तरुण पुढे आला. त्याने आपल्या सुरीची मूठ दाखवली, तुकडा तिला तंतोतंत जुळला. काल सुरी तुटली तेव्हा मी तुकडा हिच्यासमोरच फेकला होता, असं तो म्हणाला. न्यायालयाने मुलीला खोटं बोलू नकोस अशी समज दिली आणि तिची पुढची साक्ष घेतली. दुसरं रिबेका नर्सच्या खटल्यातलं. तिच्या मुलीने लेखी सांगितलं की साक्षीदार बिबरबाईने स्वतःच्या कपड्यातून टाचण्या काढून स्वतःच्या गुडघ्याला टोचून घेतल्या आणि नर्सने टोचलं म्हणून आरडाओरडा केला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्याचाही उपयोग झाला नाही.

नर्सचा खटला मी नव्या वकिलांना सांगतो. वय ७१, सगळ्या गावात भली म्हणून नाव, ३९ शेजाऱ्यांनी तिच्या बाजूने अर्जावर सह्या केलेल्या. त्या वातावरणात सही करणं म्हणजे स्वतःकडे संशय ओढवून घेणं होतं. ज्युरीने तिला निर्दोष ठरवलं. मुलींनी आकांत केला. स्टॉटनने ज्युरीला विचारलं, कबुली दिलेल्या एका बाईला न्यायालयात आणलं तेव्हा नर्स ‘ही तर आमच्यातलीच’ अशा अर्थाचं बोलली, ते तुम्ही लक्षात घेतलंत का? ज्युरीप्रमुखाने नर्सला त्याचा अर्थ विचारला. ती गप्प राहिली. तेव्हा ज्युरी आत गेली आणि दोषी म्हणून बाहेर आली. नंतर नर्सने लिहून दिलं की आमच्यातली म्हणजे आमच्याबरोबरची कैदी, एवढंच मला म्हणायचं होतं. मला कमी ऐकू येतं आणि मन दुःखाने भरलेलं होतं, प्रश्न मला कळलाच नाही. फिप्सने तिची शिक्षा तहकूब केली, मग दबावाखाली ती तहकुबी मागे घेतली गेली. १९ जुलैला तिला फाशी दिली. एक वकील शेजारी उभा असता तर एक मिनिटात खुलासा झाला असता: ‘महाराज, आरोपीला प्रश्न ऐकू आलेला नाही.’

तुरुंगात असलेल्यांपैकी काहींना कायद्याचं भान न्यायाधीशांपेक्षा जास्त होतं. जॉन प्रॉक्टरने २३ जुलैला बोस्टनच्या धर्मोपदेशकांना लिहिलं की आमचे खटले बोस्टनला वर्ग करा, निदान न्यायाधीश तरी बदला. कबुलीसाठी मुलांना मान आणि टाचा एकत्र बांधून ठेवलं, माझ्या मुलाच्या नाकातून रक्त येईपर्यंत, हेही त्याने लिहिलं. नर्सची बहीण मेरी ईस्टी हिने फाशी ठरल्यावर अर्ज केला. मी माझ्या जिवासाठी मागत नाही, पण आणखी निर्दोष रक्त सांडू नका, असं त्यात आहे. पुढे तिने दोन सूचना केल्या: आरोप करणाऱ्या मुलींना एकमेकींपासून वेगळं ठेवून तपासा, आणि कबुली देणाऱ्यांपैकी काहींवर खटला चालवून बघा. साक्षीदारांना वेगळं ठेवणं हा आज कुठल्याही तालुका न्यायालयातला रोजचा नियम आहे. तो न्यायाधीशांना सांगावा लागला एका शेतकऱ्याच्या बायकोला, आणि तिला २२ सप्टेंबरला फाशी झाली.

फाशी गेलेले १९ जण: १४ बाया, ५ पुरुष. जाळलं कुणालाच नाही. इंग्लिश कायद्यात चेटकाला फाशीची शिक्षा होती. विसावा गाइल्स कोरी, वय ८० च्या आसपास. हा सुरुवातीला स्वतःच्या बायकोविरुद्ध बोलला होता. पुढे त्याच्यावरच आरोप आला तेव्हा त्याने या न्यायालयापुढे खटला चालवून घ्यायलाच नकार दिला. नकार देणाऱ्याच्या छातीवर दगड रचत जाण्याची जुनी इंग्लिश रीत होती. १९ सप्टेंबरला तो त्या दगडांखाली मेला. बायको मार्था तीन दिवसांनी फासावर गेली. तुरुंगात किमान पाच जण मेले.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या: सेलममध्ये जमावाने कुणाला मारलं नाही. प्रत्येक फाशीमागे तक्रार, वॉरंट, जबानी, ग्रँड ज्युरी (खटला चालवायचा की नाही हे ठरवणारी), ज्युरी, निकाल आणि सही आहे. आमच्या भागात डाकीण ठरवतो तो भगत किंवा गावकीची बैठक, आणि न्यायालयात येतं ते त्यानंतरचं: मारहाण, गावाबाहेर काढणं, कधी खून. तिथे न्यायालय हा त्या बाईचा शेवटचा आसरा असतो. सेलममध्ये न्यायालयानेच भगताचं काम केलं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची वाचलीत तर सेलमच्या जबान्या ओळीओळीत दिसतील: अमुक व्यक्ती करणी करते असं भासवणं, गुरांचं दूध तिच्यामुळे आटलं म्हणणं, रोगराईचं खापर तिच्यावर फोडणं, तिला सैतान ठरवणं. आपल्या कायद्यात या सगळ्यासाठी आरोप करणारा गुन्हेगार आहे. सेलममध्ये मेलेले बैल आणि आजारी पोरं हा आरोपीविरुद्धचा पुरावा होता.

मग हे थांबलं कसं? आरोप मोठ्या घरांपर्यंत पोचू लागले होते, हे एक कारण खरंच आहे. पण कायद्याच्या अंगाने वळण आलं ते ऑक्टोबरात. इन्क्रीज मॅदर या वजनदार धर्मोपदेशकाने ३ तारखेला स्पष्ट मांडलं की एका निर्दोषाला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या. बोस्टनचा टॉमस ब्रॅटल याने ८ तारखेच्या पत्रात स्पर्शाच्या परीक्षेची आणि कबुलीजबाबांची चिरफाड केली. फिप्सने महिनाअखेरीस ते खास न्यायालय मोडलं. जानेवारी १६९३ मध्ये नवं वरिष्ठ न्यायालय बसलं. प्रमुख पुन्हा स्टॉटनच, आरोपी त्याच तुरुंगातले, आरोप तेच, मुलीही त्याच. फरक एकच: रूपाच्या साक्षीला आता वजन नव्हतं. कित्येक प्रकरणं ग्रँड ज्युरीनेच फेटाळली, ज्यांच्यावर खटले चालले ते एकामागून एक सुटले, आणि दोषी ठरले फक्त तीन जण. स्टॉटनने या तिघांच्या आणि आधीच्या पाच जणांच्या फाशीचे हुकूम काढले. सरकारी वकिलाने फिप्सला सांगितलं की या तिघांविरुद्धचा पुरावा सुटलेल्यांपेक्षा वेगळा नाही. फिप्सने आठही फाशा थांबवल्या. स्टॉटन चिडून न्यायासनावरून उठून गेला. म्हणून मी म्हणतो की पुराव्याचा एक नियम बदलला आणि फास थांबले. त्याच १६९२ साली शेजारच्या कनेटिकटमध्ये फेअरफिल्डलाही चेटकाचे खटले चालले, तिथेही झटके येणारी मोलकरीण होती. पण एलिझाबेथ क्लॉसन निर्दोष सुटली, आणि दोषी ठरलेल्या मर्सी डिस्बरोची फाशी रद्द झाली. तिथे अशा गुन्ह्यात एकापेक्षा जास्त साक्षीदार हवेत हा नियम आधीपासून रुजलेला होता.

सुटलेल्यांनाही तुरुंगातल्या जेवणाचा आणि बेड्यांचा खर्च भरल्याशिवाय बाहेर सोडत नसत. लिडिया डस्टिन निर्दोष ठरली आणि पैसे नाहीत म्हणून मार्च १६९३ मध्ये तुरुंगातच मेली. न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअलने १६९७ च्या जानेवारीत बोस्टनच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून दोष स्वतःकडे घेतला. बारा ज्युरींनी लेखी क्षमा मागितली. अ‍ॅन पटनमने १७०६ मध्ये मागितली. स्टॉटनने कधीच नाही. फिप्सनंतर तोच कारभार पाहत राहिला. विधिमंडळाने १७११ मध्ये बऱ्याच जणांवरचा कलंक पुसला आणि वारसांना ५७८ पौंड १२ शिलिंग भरपाई मंजूर केली.

जानेवारीत दोषी ठरलेल्या त्या तिघी कोण होत्या, हे शेवटी सांगायला हवं. सारा वॉर्डवेल, मेरी पोस्ट आणि एलिझाबेथ जॉन्सन. तिघींनीही कबुली दिलेली होती. सारा ही त्याच सॅम्युएल वॉर्डवेलची विधवा, जो कबुली मागे घेतल्यामुळे मेला. सप्टेंबरपर्यंत कबुलीने जीव वाचत होता. रूपाची साक्ष बाद झाल्यावर हाती उरलेला पुरावा म्हणजे फक्त कबुली, आणि तीच आता या तिघींच्या गळ्याशी आली. एलिझाबेथ जॉन्सन बुद्धीने साधी होती, तिचे आजोबा फ्रान्सिस डेन यांनीच तसं लिहून दिलं होतं. १७११ च्या यादीत तिचं नाव आलं नाही. पुढच्या वर्षी तिने स्वतः अर्ज केला, तोही पडून राहिला. दोषमुक्तीसाठी झालेल्या १९५७ आणि २००१ च्या कायद्यांतही ती राहून गेली; तिला मूलबाळ नव्हतं, पाठपुरावा करणारे वंशज नव्हते. नॉर्थ अँडोव्हरच्या आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या शिक्षिकेने तिचं प्रकरण उचलून धरलं, आणि २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तिला दोषमुक्त केलं.